न्यूग्रेंजची पाषाणसमाधि व तिच्या आख्यायिका

जुन्या गोष्टी खऱ्या मानाव्या कीं खोट्या, हा वाद सुशिक्षित कुटुंबांतून आतां नित्याचा झाला आहे. चातुर्मासांत आजी कहाणी सांगावयास बसली, म्हणजे कॉलेजांत जाणारें एखादें नातवंड "याला पुरावा काय?" असें विचारल्यावांचून राहत नाहीं. आजीस पुरावा देतां येत नाहीं, आणि कहाणी टाकून देण्यासही तिचें मन घेत नाहीं. घरांतील कर्ते पुरुष अशा वेळीं बहुधा वर्तमानपत्रांत डोकें घालून स्वस्थ बसतात. वास्तविक हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. ज्या गोष्टी ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या, त्यांचें काय करावयाचें, हें ठरविल्यावांचून पुढील पिढीच्या हातीं आपण काय देणार, हेंही ठरत नाहीं. या बाबतींत आयर्लंड देशांतील एका अतिप्राचीन समाधीची हकीकत आम्हांस फार बोधप्रद वाटली. त्या समाधीविषयीं तेथील लोक कांहीं गोष्टी सांगत आले. विद्वानांनीं त्या हंसण्यावारी नेल्या. आणि पुढें एका विद्वानानेंच त्यांतील एक गोष्ट स्वतः अंधारांत उभें राहून पारखून पाहिली. त्या परीक्षेंत काय निष्पन्न झालें, तें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

स्थळ व रचना

आयर्लंडची राजधानी जें डब्लिन शहर, त्याच्या उत्तरेस सुमारें ५० किलोमीटरांवर मीथ परगण्यांतून बॉइन नांवाची नदी वाहते. समुद्रास मिळण्यापूर्वीं ती एके ठिकाणीं मोठें वळण घेते, आणि त्या वळणांतील उंचवट्यांवर न्यूग्रेंज, नाउथ व डाउथ अशीं तीन प्रचंड टेकाडें उभीं आहेत. या सर्व प्रदेशास आयरिश भाषेंत 'ब्रू ना बोन्या', म्हणजे 'बॉइनकांठचा वाडा', असें प्राचीन नांव आहे. हीं टेकाडें निसर्गानें केलेलीं नसून मनुष्यांनीं दगडमाती रचून उभारलेलीं आहेत, आणि त्यांच्या पोटांत मृतांच्या अस्थि ठेवण्यासाठीं दालनें बांधलेलीं आहेत. त्यांपैकीं न्यूग्रेंज हें सर्वांत प्रसिद्ध. म्हणून मुख्यत्वें त्याचीच हकीकत आम्ही येथें देत आहों. १९९३ सालीं युनेस्को या संस्थेनें या सर्व प्रदेशास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

न्यूग्रेंजच्या टेकाडाचा व्यास सुमारें ८५ मीटर व उंची सुमारें १३ मीटर असून त्यानें एक एकराहून अधिक जागा व्यापिली आहे. त्यांतील दगडमातीचें वजन दोन लक्ष टनांच्या घरांत जाईल, असा अंदाज आहे. पायथ्याभोंवतीं ९७ मोठमोठ्या शिळा एकीस एक भिडवून वर्तुळाकार रचल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकींवर नागमोडी रेषा, शंकरपाळ्यांसारख्या आकृति व वेटोळीं कोरलेलीं आहेत. बांधणीचा काळ ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमाराचा ठरला आहे; म्हणजे ईजिप्तमधील गीझाचा मोठा पिरॅमिड उभा राहिला, त्याच्या आधीं सुमारें सहा शतकें हें काम पुरें झालें होतें. तें करणारे लोक शेती करीत व गुरें पाळीत. परंतु धातूचें हत्यार त्यांस ठाऊक नव्हतें, आणि लिपीही ठाऊक नव्हती. तरी दक्षिणेकडील विक्लोच्या डोंगरांतून पांढरी गारगोटी आणि उत्तरेकडून ग्रॅनाइटचे वाटोळे गोटे त्यांनीं येथवर वाहून आणले.

आंत जाण्याचा मार्ग आग्नेय दिशेस आहे. तो १९ मीटर लांब व अरुंद असून त्याच्या दोन्ही बाजूंस शिळा उभ्या केल्या आहेत. त्याच्या शेवटीं एक दालन लागतें, आणि त्यास समोर, उजवीकडे व डावीकडे असे तीन मोठे कोनाडे आहेत. छताची युक्ति पाहण्याजोगी आहे. दगडांचा प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित् आंत सरकवून रचीत रचीत सुमारें ६ मीटर उंचीवर एका शिळेनें तोंड मिटविलें आहे. त्यांत चुन्याचा लवलेश नाहीं. मार्गावरील छताच्या शिळांना पावसाचें पाणी बाहेर जावें म्हणून पन्हळी कोरल्या आहेत, आणि सांध्यांत भाजलेली माती व समुद्राची वाळू ठांसून भरली आहे. पांच हजार वर्षें आयर्लंडचा पाऊस डोक्यावर घेऊनही तें छत कोसळलें नाहीं. त्या भाजलेल्या मातींत सांपडलेल्या कोळशावरूनच बांधणीचा काळ ठरवितां आला. कोनाड्यांत परातीसारखीं दगडी पात्रें असून उत्खननांत निदान पांच मनुष्यांच्या अस्थि तेथें मिळाल्या. त्यांतील बहुतेक दहन केलेल्या होत्या. समोरच्या कोनाड्यांत एका शिळेवर तीन वेटोळीं एकमेकांत गुंफलेली आकृति आहे. ही आकृति वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

समाधीचा शोध

कालांतरानें टेकाडाच्या कडा ढासळल्या, दार गाडलें गेलें, वर गवत उगवलें, आणि आंत कांहीं बांधलेलें आहे ही गोष्ट कोणाच्या ध्यानींही राहिली नाहीं. १६९९ सालीं चार्लस् कॅम्बेल नांवाच्या जमीनदारास रस्त्यासाठीं दगड हवे होते. त्याच्या मजुरांनीं टेकाडाचे दगड काढण्यास प्रारंभ केला, तोंच कोरीव शिळा व तिच्यामागील मार्ग दृष्टीस पडला. दैवयोगानें त्याच वर्षीं ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालयाचे अध्यक्ष एडवर्ड ल्विड हे आयर्लंडांत आले होते. त्यांनीं आंत शिरून सर्व पाहिलें व टिपून ठेविलें. टेकाडाच्या माथ्याजवळ एक रोमन सुवर्णमुद्रा सांपडली होती. तिच्यावरून त्यांनीं असें अनुमान केलें कीं, मुद्रा ज्या अर्थीं माथ्यावर पडली, त्या अर्थीं टेकाड तिच्याहून जुनें असलें पाहिजे. अनुमान साधेंच होतें. पण तें अचूक होतें. पुढील विद्वानांस मात्र तेवढाही संयम राहिला नाहीं. कोणी डेन लोकांस, तर कोणी फिनिशियन व्यापाऱ्यांस या बांधकामाचें श्रेय दिलें. आयरिश शेतकऱ्यांचे पूर्वज असें कांहीं करूं शकले असतील, हें कित्येकांच्या मनास शिवलेंही नाहीं. १८८२ च्या कायद्यानें हें स्थळ सरकारी संरक्षणाखालीं आलें.

लोक काय सांगत

आपल्याकडे जशीं क्षेत्रमाहात्म्यें व स्थलपुराणें, तसें आयरिश लोकांचें 'दिन्शेनखस' नांवाचें वाङ्मय आहे. अमुक डोंगरास, नदीस अथवा माळास अमुक नांव कां पडलें, हें त्यांत गद्यांत व पद्यांत सांगितलेलें असतें. हें वाङ्मय व इतर देवकथा इसवी सनाच्या बाराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांतून आपल्या हातीं आल्या आहेत. लिहून ठेवणारे ख्रिस्ती धर्माचे विद्वान् होते. स्वतःच्या धर्मास मान्य नसलेल्या देवांच्या कथा त्यांनीं जतन केल्या, हे त्यांचे उपकारच म्हणावयाचे.

या कथांप्रमाणें न्यूग्रेंज ही समाधि नसून देवांचें राहतें घर होय. 'तूअथा डे डानन' नांवाचे देवगण मनुष्यांकडून पराभूत झाल्यावर भूमीच्या पोटांत शिरले आणि अशा टेकाडांतून राहूं लागले. त्यांचा प्रमुख दाग्दा. त्याच्या नांवाचा अर्थ 'चांगला देव' असा आहे, आणि त्यांतील 'दा' हा अंश आपल्या 'देव' शब्दाचाच भाऊबंद आहे, असें भाषापंडित सांगतात. ब्रूचा धनी एल्कमर, आणि त्याची पत्नी बोअन ही बॉइन नदीची अधिष्ठात्री देवता. दाग्दाचें मन तिच्यावर बसलें. त्यानें एल्कमरास एका दिवसाच्या कामगिरीवर पाठविलें आणि अशी माया केली कीं, त्यास भूकही लागूं नये आणि अंधारही दिसूं नये. एल्कमरास एक दिवस वाटला, तेवढ्यांत नऊ महिने उलटले. बोअनेस पुत्र झाला. सकाळीं गर्भ राहिला आणि सायंकाळच्या आंत जन्मला, म्हणून त्यास 'तरुण पुत्र' असें म्हणूं लागले. तोच एंगस, प्रेमाचा व तारुण्याचा देव.

एंगस मोठा झाल्यावर त्यानें ब्रू कसा मिळविला, ही कथा तर आपल्या वाचकांस ओळखीची वाटेल. त्यानें 'दिवस आणि रात्र' एवढ्यापुरतेंच त्या घराचें स्वामित्व मागितलें. तें मिळालें. दुसऱ्या दिवशीं मूळचा धनी परत मागूं लागला, तेव्हां एंगस म्हणाला कीं, जगांतील सर्व काळ दिवस आणि रात्र यांचाच झालेला आहे; तेव्हां आपणांस मिळालें, तें कायमचेंच मिळालें. तीन पावलें भूमि मागणाऱ्या बटूची आणि बळीची येथें कोणास आठवण होणार नाहीं? एका कथेंत फसलेला धनी एल्कमर आहे, तर दुसरींत स्वतः दाग्दाच आहे.

बोअनेची कथा याहून गंभीर आहे. नेख्तन नांवाच्या देवाची एक गुप्त विहीर होती. तो व त्याचे तीन सेवक यांवांचून तिच्याजवळ जाण्याची कोणास आज्ञा नव्हती. बोअनेनें त्या निषेधास न जुमानतां विहिरीभोंवतीं डाव्या हातानें, म्हणजे आपल्या भाषेंत अप्रदक्षिण, फेऱ्या घातल्या. पाणी उसळलें; त्यानें तिचा एक डोळा, एक हात व एक पाय नेला, आणि समुद्रापर्यंत तिचा पाठलाग केला. तो पाण्याचा मार्ग म्हणजेच बॉइन नदी. या कथेंत संस्कृत जाणणारास दोन शब्द थांबवून ठेवतात. बोअन या नांवाचा अर्थ 'शुभ्र धेनु' असा लावतात. त्यांतील 'बो' आणि आपला 'गो' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. दुसरें असें कीं, आयरिश भाषेंत 'देस' या शब्दाचे उजवा आणि दक्षिण दिशा असे दोन्ही अर्थ होतात. आपल्या 'दक्षिण' शब्दाचेही तेच दोन अर्थ आहेत, आणि मूळही एकच आहे. उगवतीकडे तोंड करून दिशा मोजणारे लोकच असे शब्द करतील. सूर्याच्या गतीस अनुसरून घातलेली फेरी शुभ व उलट घातलेली अशुभ, ही समजूतही दोन्हीकडे सारखीच आहे.

आणखी कथा पुष्कळ आहेत. एंगसानें स्वप्नांत पाहिलेली केर नांवाची कन्या एका वर्षीं मानवी रूपानें व एका वर्षीं हंसीच्या रूपानें राहत असे; तिच्यासाठीं त्यानें स्वतः हंसरूप घेतलें, आणि दोघें उडत ब्रूस आलीं, तेव्हां त्यांचें गाणें ऐकून लोक तीन दिवस व तीन रात्री झोंपीं गेले. डिअरमिड हा वीर मारला गेल्यावर एंगसानें त्याचें शव येथेंच आणिलें. त्यास पुन्हां जिवंत करणें शक्य नव्हतें, पण रोज थोडा वेळ त्यांत प्राण घालून त्याच्याशीं बोलतां येईल, एवढीच त्यास आशा होती. पुत्राप्रमाणें वाढविलेल्या मनुष्याच्या मृत्यूपुढें देवालाही याहून अधिक कांहीं करतां येऊं नये, हें वाचतांना आमचें मन क्षणभर जड झालें.

सूर्याची साक्ष

आतां परीक्षेकडे वळूं. आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्ष, अनुमान व शब्द यांची गणना केली आहे. न्यूग्रेंजच्या प्रकरणांत हीं तीन्ही साधनें एकापुढें एक कशीं कामास आलीं, हें पाहण्यासारखें आहे.

१९६२ पासून १९७५ पर्यंत कॉर्क येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे पुरातत्त्वाचे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनीं न्यूग्रेंजचें उत्खनन केलें. कोरीव शिळांचा अभ्यास त्यांच्या पत्नी क्लेअर यांनीं केला. काम चालूं असतां त्यांच्या कानीं वारंवार एक गोष्ट येई: वर्षांतून कधींतरी उगवत्या सूर्याचे किरण आंत शिरून त्या तीन वेटोळ्यांच्या शिळेवर पडतात. कोणत्या दिवशीं पडतात, हें कोणी सांगेना. आणि आपण स्वतः पाहिलें, असें म्हणणारा तर एकही भेटेना. इंग्लंडांतील स्टोनहेंज येथें उन्हाळ्यांतील सर्वांत मोठ्या दिवशीं सूर्य उगवतांना पाहण्याची प्रसिद्धि आहेच. तीच वार्ता लोकांनीं गैरसमजानें इकडे लावली असावी, असा प्रथम तर्क झाला. येथवर 'शब्द' हें प्रमाण. आणि तेंही आप्तवाक्य म्हणण्याजोगें नव्हे.

परंतु ओ'केली यांनीं तें बोलणें झाडून टाकलें नाहीं. त्यांनीं विचार केला कीं, उन्हाळ्यांत सूर्य ईशान्येस उगवतो आणि या मार्गाचें तोंड तर आग्नेयेस आहे. तेव्हां ही वार्ता खरी असेलच, तर ती हिवाळ्यांतील सर्वांत लहान दिवसाविषयीं असली पाहिजे. त्या दिवशीं, डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास, सूर्य दक्षिणेकडील शेवट गांठून उत्तरेकडे वळूं लागतो. आपली मकरसंक्रांत निरयन गणनेमुळें आतां जानेवारीच्या मध्यास येते, हें खरें. पण सूर्याचें खरें उत्तरायण डिसेंबरांतच लागतें. या अनुमानास आणखी एक आधार मिळाला. दाराच्या वर दगडमातीखालीं दडलेली एक दगडी झरोक्याची रचना १९६३ सालीं मोकळी झाली होती. ती कशासाठीं असावी, हें कळत नव्हतें. मार्गाची जमीन आंत चढत जाते, त्यामुळें दालनाची जमीन दारापेक्षां सुमारें दोन मीटर उंच आहे; म्हणून दारांतून आलेला उजेड दालनापर्यंत पोंचूं शकत नाहीं. झरोका मात्र दालनाच्या जमिनीच्या पातळींत आहे. तो गारगोटीच्या ठोकळ्यांनीं बंद करण्यांत येई, आणि ते ठोकळे पुनःपुन्हां सरकविल्याचे ओरखडे तेथें दिसत होते. दार मृतांसाठीं कायमचें मिटविल्यावरही कोणी तरी हा झरोका उघडीत असलें पाहिजे.

१९६७ च्या डिसेंबरच्या २१ तारखेस सूर्योदयापूर्वीं ओ'केली एकटेच दालनांत जाऊन उभे राहिले. सूर्य समोरच्या टेकडीवर आला, आणि थोड्याच मिनिटांत झरोक्यांतून प्रकाशाची एक बारीक रेघ मार्गावरून सरकत दालनांत आली. ती रुंदावत गेली, इतकी कीं आंतील कोनाडे व वरचें छत त्या उजेडांत स्पष्ट दिसूं लागलें. मग ती पुन्हां अरुंद झाली आणि सूर्योदयानंतर सुमारें वीस मिनिटांत नाहींशी झाली. प्रत्यक्ष किरण दालनांत टिकतात ते सुमारें १७ मिनिटें. पुढील वर्षांत त्यांनीं हें पुन्हां पाहिलें, आणि १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीनें ही जुळणी योगायोगाची नसून बुद्धिपुरस्सर केलेली आहे, असा निर्वाळा मिळाला. पृथ्वीच्या अक्षाचा कल त्या काळापासून किंचित् कमी झाला आहे. बांधणीच्या वेळीं किरण ऐन सूर्योदयालाच आंत येत व अधिक खोलवर जात, असें गणितानें ठरतें. तीन वेटोळ्यांवर मात्र सूर्यकिरण थेट पडत नाहीं. परावर्तित उजेडानें ती आकृति उजळते. म्हणजे लोकवार्ता तपशिलांत किंचित् चुकली होती, परंतु मुळांत खरी ठरली. लिपी नसलेल्या शेतकऱ्यांनीं सूर्याचें वळण नेमकें हेरून तें दोन लक्ष टन दगडमातींत बसविलें, ही गोष्ट प्रत्यक्ष प्रमाणानें सिद्ध झाली. आतां तो देखावा पाहण्यासाठीं दरवर्षीं हजारों लोक अर्ज करतात, चिठ्ठ्या काढून थोडक्यांची निवड होते, आणि आभाळ आलें तर त्या भाग्यवंतांनाही अंधार पाहूनच परतावें लागतें.

सिद्ध किती झालें?

या यशानें हुरळून जाऊन कोणी म्हणेल कीं, सर्वच जुन्या गोष्टी अशाच खऱ्या निघतील. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. शाळेंत इतिहास शिकवीत असतां मुलें आम्हांस विचारीत, "गुरुजी, पांडवलेणीं पांडवांनींच खोदलीं ना?" तेथील शिलालेख तीं बौद्ध भिक्षूंसाठीं खोदविल्याचें सांगतात, असें आम्ही उत्तर देत असूं. न्यूग्रेंजचीही एक आख्यायिका अशीच आहे. टारा येथील राजांचें दफन ब्रू येथें होत असे. कॉर्मक राजानें मात्र मरतांना तेथें पुरूं नका म्हणून सांगितलें, सेवकांनीं ऐकलें नाहीं, तेव्हां बॉइनेस तीन वेळां पूर आला आणि त्याचें शव पलीकडे नेतां आलें नाहीं, अशी कथा आहे. कथा सुरेख आहे. पण त्या राजांचा काळ बांधणीनंतर तीन हजारांहून अधिक वर्षांनंतरचा, आणि उत्खननांत त्यांचीं थडगीं मिळालीं नाहींत. मिळाल्या त्या रोमन काळांतील सुवर्णमुद्रा व अलंकार. म्हणजे त्या काळींही लोक या स्थळीं देवांस कांहीं अर्पण करीत होते, एवढें सिद्ध होतें.

सूर्याच्या वार्तेविषयींही सावधपणानें बोललें पाहिजे. ती खरी ठरली, म्हणून ती पांच हजार वर्षें जुनी ठरली, असें होत नाहीं. १६९९ नंतर दार मोकळें झाल्यावर कोणी हिवाळ्यांत थोडासा उजेड आंत शिरतांना पाहिला असेल, आणि त्यावरूनही ती निघाली असेल. शिवाय बांधणारे लोक व कथा सांगणारे लोक एक नव्हते. १९१५ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१५ सालीं, प्राचीन अस्थींतील आनुवंशिक द्रव्याचें परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यावरून ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस आयर्लंडांत नवे लोक मोठ्या संख्येनें आले असें दिसतें. 'बो' आणि 'देस' म्हणणारी भाषा न्यूग्रेंज बांधणारांची होती, असें मानण्यास आधार नाहीं. म्हणून शब्दांच्या साम्यावरून आपले ऋषि बॉइनकांठीं गेले होते, असा मनोरा रचणें हें फिनिशियनवाल्यांच्या पंक्तीस बसण्यासारखें होईल. तरी एल्कमराचा न संपणारा दिवस आणि एंगसाचें 'दिवस आणि रात्र' या कथा नेमक्या त्याच स्थळीं कां चिकटल्या, जेथें सूर्य थबकून मागें फिरतो, हा प्रश्न कांहीं विद्वानांस स्वस्थ बसूं देत नाहीं. एंगसाची कथा नोव्हेंबरच्या आरंभीं येणाऱ्या सणाची आहे, उत्तरायणाची नव्हे, हेंही त्याच वेळीं लक्षांत ठेविलें पाहिजे.

डाउथची कथा

शेजारच्या डाउथची कथा सांगण्यास थोडा संकोच वाटतो. पण तिचें मर्म संकोचाच्या जागींच आहे. ब्रेसल नांवाच्या राजाच्या काळीं गुरांवर रोग पडून देशांत सात गाई व एक बैल एवढेंच पशुधन उरलें. राजानें स्वर्गास पोंचणारा मनोरा एका दिवसांत बांधण्यासाठीं सर्व पुरुषांस बोलाविलें. काम संपेपर्यंत सूर्य मावळूं नये म्हणून त्याच्या बहिणीनें मंत्रानें तो थांबविला. राजाच्या हातून बहिणीशीं अगम्यगमनाचें पाप घडलें. मंत्र मोडला, अंधार पडला, आणि लोक काम अर्धें टाकून निघून गेले. म्हणून त्या स्थळास अंधाराचें नांव पडलें. जवळच्या दुसऱ्या एका टेकाडाच्या नांवासही याच पापाची कथा जोडली आहे.

२०२० सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील लारा कॅसिडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं न्यूग्रेंजच्या दालनांतील एका पुरुषाच्या कवटीच्या हाडाचें परीक्षण प्रसिद्ध केलें. त्या पुरुषाचे मातापिता सख्खीं भावंडें तरी असावीं, किंवा पालक व अपत्य तरी असावीं, असें त्यांत निघालें. ईजिप्तसारख्या देशांत राजवंश देवतुल्य मानले जात, तेथें असे विवाह होत; तसाच राजवंश येथेंही असेल, असें अनुमान त्यांनीं केलें, आणि डाउथच्या कथेकडे बोट दाखविलें. सर्व जगांत खळबळ उडाली. परंतु २०२५ सालीं अन्य पुरातत्त्वज्ञांनीं आक्षेप घेतला कीं, एका मनुष्याच्या एका हाडावरून राजा, राजवंश व राजनीति एवढा डोलारा उभारतां येत नाहीं. समाधींत जागा मिळालेले इतर लोक राजकुळाचे होते, असें दाखविणारा पुरावा नाहीं. आम्हांस हा आक्षेप रास्त वाटतो. हाडाचें परीक्षण हें प्रत्यक्ष. राजवंश हें अनुमान. आणि चार हजार वर्षें टिकलेली स्मृति हें अनुमानावरचें अनुमान. तिन्हींस एकच किंमत देणें हा न्याय नव्हे.

आख्यायिकांचा एक उपयोग मात्र वादातीत आहे. टेकाडांत देवगण राहतात, त्यांस डिवचणारावर संकट येतें, या भीतीनें आयरिश शेतकऱ्यांनीं शेंकडों वर्षें अशा टेकाडांना नांगर लावला नाहीं. उलट १८४७-४८ सालीं डाउथच्या माथ्यावर खणून आजही दिसणारा भला मोठा खड्डा पाडला, तो विद्वानांच्या सभेनें चालविलेल्या उत्खननानें. अशिक्षितांच्या भाबडेपणानें जें राखलें, तें सुशिक्षितांच्या उतावळेपणानें बिघडलें. ओ'केली यांनीं न्यूग्रेंजच्या दर्शनी भागीं पांढऱ्या गारगोटीची जी भिंत पुन्हां उभारविली, ती मूळची तशीच होती कीं नाहीं, याविषयींही आज मतभेद आहे. तेव्हां विद्वानांचा शब्द हाही तपासूनच घ्यावयाचा असतो.

तात्पर्य

परंपरा ही साक्षीदार आहे. साक्षीदारास न्यायासनावर बसवूं नये आणि न ऐकतां कचेरीबाहेरही काढूं नये. त्याची उलटतपासणी करावी. न्यूग्रेंजच्या साक्षीदारानें सूर्याविषयीं खरें सांगितलें, राजांविषयीं चुकीचें सांगितलें, आणि डाउथच्या पापाविषयीं जें सांगितलें, त्याचा निकाल अजून व्हावयाचा आहे. तो निकाल होईपर्यंत साक्ष जपून ठेविली पाहिजे. कारण ज्यांनीं ती जपली, त्यांच्यामुळेंच ओ'केली यांस काय तपासावें हें कळलें. म्हणून घरांतील तरुणांस आमचें सांगणें असें कीं, आजीची कहाणी ऐकून घ्यावी, शक्य तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवावी, आणि मग पुरावा अवश्य शोधावा. तो शोधण्यासाठीं हिवाळ्याच्या पहांटे एकट्यानें अंधारांत उभें राहण्याची मात्र तयारी पाहिजे. आणि वडीलधाऱ्यांस सांगणें असें कीं, मुलानें पुरावा मागितला म्हणून रागावूं नये. लोकांच्या सांगण्याचा पुरावा शोधावा, असें एका प्राध्यापकाच्या मनांत आलें नसतें, तर ती गोष्ट आजही थट्टेचाच विषय होऊन राहिली असती.